सर्कलचा सातबारा

तलाठी अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होतो, अशी शासनाची समजूत आहे. आमच्या शेजारच्या भाऊसाहेबांनी त्या समजुतीवर हरकत नोंदवलेली आहे. निरोपसमारंभात त्यांनी शाल घेतली, नारळ घेतला, दप्तर नव्या तलाठ्याच्या ताब्यात दिलं, त्याची पोच घेतली. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता अंबाजोगाईतल्या आपल्या घराच्या ओट्यावर दोनशे पानी कोरं रजिस्टर उघडून बसले. पहिली नोंद दूधवाल्याची झाली. दुसरी पेपरवाल्याची. तिसरी माझी : ‘समोरील सर ७.१० वा. दात घासता घासता रस्त्यावर थुंकले.’

हा माणसांचा एक वाण आहे आणि मराठवाड्याच्या मातीत तो चांगला येतो. या वाणाच्या माणसाला नोंद झाल्याशिवाय जगातली कुठलीच गोष्ट घडल्यासारखी वाटत नाही. पाऊस धो धो कोसळत असतो, आपण निथळत त्यांच्या दारात उभे असतो आणि ते चष्म्यावरून विचारतात, “मंडळात किती मिलिमीटर?” चोवीस तासांत पासष्टच्या वर गेला तर अतिवृष्टी; आत असेल तर आपण भिजलो हा आपला खासगी प्रश्न. कुणाचं नवं घर बघायला गेले की “क्षेत्र किती?” आणि दुःखाला भेटायला गेले की आधी गप्प बसतात, मग डोळे पुसतात, मग हळूच, “वारस किती? तीन महिन्यांत अर्ज देऊन टाका, मागाहून लई तरास होतो.” शासनाने मध्यंतरी तलाठ्याचं नाव बदलून ‘ग्राम महसूल अधिकारी’ केलं, तेव्हा सगळ्या गल्लीला वाटलं भाऊसाहेब खूश होतील. ते म्हणाले, “नाव बदलायला काई नाई सर, पण फेरफार नंबर कुठं टाकलाय?”

प्रेम, माया, काळजी वगैरे गोष्टींना त्यांच्या रजिस्टरात रकाना नव्हता. तो पडला एका बोक्यामुळे.

बोका मुळात कुणाचाच नव्हता. आधी तो ओट्यावर आला, मग उंबऱ्यात, मग स्वयंपाकघरात, मग भाऊसाहेबांच्या गादीवर. कूळ कसं मालक होतं हे ज्या माणसाने जन्मभर कागदावर पाहिलं, त्याच्या डोळ्यांदेखत हे घडलं आणि त्याला काही करता आलं नाही. बोका पांढरा, पाठीवर तपकिरी डाग, चालणं रुबाबदार. दुपारी यायचा, घरात एक फेरी मारायचा, सगळ्या वस्तूंकडे संशयाने बघायचा, जेवायचा आणि काम न करता निघून जायचा. भाऊसाहेबांना आपल्या मंडळाधिकाऱ्याची आठवण झाली. मंडळाधिकाऱ्याला गावाकडे कुणी मंडळाधिकारी म्हणत नाही, सर्कल म्हणतात. बोक्याचं नाव सर्कल पडलं. आणि बोक्याशी बोलताना भाऊसाहेब नकळत अहो-जाहो करू लागले. “सर्कल आले का? सर्कल जेवले का?” हे ऐकून नवीन भाडेकरू घाबरायचा.

आता काकूंबद्दल. भाऊसाहेबांच्या मंडळींना पंधरा वर्षांपासून साखर आहे. सकाळ-संध्याकाळ त्या देवापुढे दिवा लावतात त्याच हाताने पोटाला सुई टोचून घेतात. फ्रिज नव्हता तेव्हा इन्सुलिनची बाटली पिशवीत घालून ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या मडक्यात ठेवायच्या. अजूनही लाईट गेली की मडकं बाहेर निघतं. घरात त्यांच्या दुखण्याची एकच नोंद होती : चहाच्या फळीवर एका भांड्याला दोरा बांधलेला, तो बिनसाखरेचा. यापलीकडे भाऊसाहेबांना त्यातलं काही ठाऊक असल्याचं दिसलं नाही. नवऱ्याच्या सातबाऱ्यावर बायकोचं नाव लावायची ‘लक्ष्मी मुक्ती’ योजना आली तेव्हा सज्जातल्या गावागावांत फिरून त्यांनी कितीतरी बायाबापड्यांची नावं लावून दिली. स्वतःच्या अडीच एकरांवर लावायचं राहून गेलं. “कामाच्या गडबडीत,” ते म्हणतात. काकू त्यावर काही म्हणत नाहीत, फक्त भांडी जरा जोरात ठेवतात.

त्या वर्षी उन्हाळा वाईट होता. नळाला पाणी आठवड्याने येत होतं आणि गल्लीतल्या प्रत्येक घरात पिंपांची रांग होती. अशा काळात सर्कल पाणी पिऊ लागले. वाटीभर, मग तांब्याभर, मग पिंपाच्या कडेवर चढून थेट. “२०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं होतं,” मी म्हणालो, “तशी एक गाडी सर्कलसाठी लावा.” भाऊसाहेबांनी ते हसण्यावारी नेलं नाही. मागणीचा आकडा काढला.

रोग ओळखला काकूंनी. मोरीच्या कोपऱ्यात सर्कल लघवी करून गेले की थोड्या वेळाने तिथे मुंग्यांची रांग लागायची. काकू खराटा हातात धरून दोन दिवस ते बघत राहिल्या आणि तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, “याला माझं दुखणं लागलंय.”

“कशाच्या आधारे?” भाऊसाहेब.

“मुंग्यांच्या.”

मधुमेह्याच्या लघवीकडे मुंग्या धावतात हे चरकसंहितेत लिहून ठेवलंय. काकूंनी चरक वाचलेला नाही. त्यांनी मोरी धुतलेली आहे. त्यांनी आपलं साखर मोजायचं मशीन आणलं, सर्कलला पदरात गुंडाळलं, कानाच्या कडेला टोचलं आणि थेंब पट्टीला लावला. चारशे बारा. भाऊसाहेबांनी तो आकडा पाहिला आणि मी त्यांच्या चेहऱ्यावर असं काही पाहिलं जे निवृत्तीनंतर गेलं होतं. त्यांना नोंदवण्यासारखं काहीतरी मिळालं होतं.

पशुवैद्यकीय दवाखान्यात त्या दिवशी रांग मोठी होती. एक लंगडणारा लाल कंधारी बैल, दोन उस्मानाबादी शेळ्या, एक अडलेली म्हैस, आणि दुरडीत सर्कल. बैलवाला ऊसतोडीचा माणूस. कारखान्याला जायच्या आधी बैल धड करून घ्यायला आलेला. त्याने दुरडीत डोकावून विचारलं, “दूध किती देतंय?”

“देत नाई, पितंय,” भाऊसाहेब म्हणाले. “तीच तक्रार हाय.”

डॉक्टर तरुण होते. त्यांनी हसून घालवलं नाही. मांजर घाबरलं तरी त्याची साखर चढते, त्यामुळे दवाखान्यातल्या एका आकड्यावर जायचं नसतं, असं सांगून त्यांनी दुसरी एक रक्ततपासणी लिहून दिली. तिच्यावरून मागच्या दोन-तीन आठवड्यांची साखर सरासरीने कळते. “म्हणजे मागील पाहणीपत्रक,” भाऊसाहेबांनी त्याचं भाषांतर केलं. रोग पक्का निघाला. भाऊसाहेब खजील झाले, कारण गल्लीतल्या बायकांनी आधीच निकाल दिला होता की यांनीच पेढे चारले. डॉक्टर म्हणाले, मांजराला गोडाची चवच कळत नाही. ती चव ओळखणारी यंत्रणाच त्याच्या जिभेत मोडलेली असते.

भाऊसाहेब त्यावर बराच वेळ विचार करत राहिले. “म्हणजे हे गुन्हा न करताच आरोपी.”

खरा गोंधळ पथ्याने घातला. इतकी वर्षं सर्कल दूध-पोळीवर होते. डॉक्टर म्हणाले, पोळी बंद, भात बंद. हा मांसाहारी प्राणी आहे, याला अंडी आणि चिकन द्या. भाऊसाहेब माळकरी. आषाढीला पंढरपूर, गळ्यात तुळशीची माळ, घरात लसूणसुद्धा एकादशीला चालत नाही. त्या संध्याकाळी ते चिकनच्या दुकानासमोरून तीन वेळा गेले. चौथ्या वेळी माळ शर्टाच्या आत घालून, वरचं बटण लावून, आत शिरले. दुकानदाराच्या बापाचा फेरफार त्यांनीच केलेला. तो खाटकाचा ओंडका सोडून हात जोडून उभा राहिला, “रामकृष्ण हरी, भाऊसाहेब!” दुकानातली सगळी गिऱ्हाइकं वळून बघू लागली. भाऊसाहेबांनी खिशातून डॉक्टरांची चिठ्ठी काढली आणि ती सगळ्यांना दिसेल अशी उंच धरली. पुढे सहा महिने ते चिठ्ठी दाखवल्याशिवाय त्या दुकानात चढले नाहीत. ती त्यांनी लॅमिनेट करून घेतली आहे.

मग आलं इन्सुलिन, आणि इथे भाऊसाहेब चमकले हे कबूल करायला हवं. काकूंची बाटली चाळीसची, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये चाळीस युनिट. सर्कलला लिहून दिलेली ग्लार्जिनची बाटली शंभरची. दोन्हींच्या सिरिंजा वेगळ्या, एकीचं टोपण लाल, दुसरीचं नारिंगी. शंभरचं औषध चाळीसच्या सिरिंजेत एका रेघेपर्यंत भरलं तर एकाऐवजी अडीच युनिट जातात आणि एवढ्याशा जनावराचा त्यात जीव जाऊ शकतो. डॉक्टर हे सावकाश, बोटांवर मोजत समजावू लागले. डिग्री घेतलेली माणसंसुद्धा इथे गोंधळतात, म्हणाले.

भाऊसाहेबांनी त्यांना मध्येच थांबवलं. “चाळीस गुंठ्यांचा एकर, शंभर आरचा हेक्टर. हेक्टरात अडीच एकर. एकराची साखळी हेक्टरला लावायची नाई, एवढंच ना?”

डॉक्टर थक्क झाले. घरी येऊन भाऊसाहेबांनी फ्रिजमधल्या काकूंच्या बाटलीवर ‘एकर’ आणि सर्कलच्या बाटलीवर ‘हेक्टर’ अशी लाल शाईची चिठ्ठी डकवली. आजतागायत त्या घरात सिरिंजेची चूक झालेली नाही. टोरांटोत १९२१ साली कुत्र्यांवर प्रयोग करून इन्सुलिन शोधणाऱ्या बँटिंग आणि बेस्ट यांनी सगळा विचार केला असेल, पण त्यांच्या औषधाची मापं एक दिवस मराठवाड्यातल्या जमीन महसुलात इतकी चपखल बसतील हे त्यांच्या मनात आलं नसेल.

सर्कलच्या नावाने नवं रजिस्टर उघडलं गेलं. वर सर्वे नंबरच्या जागी ‘सर्कल (बोका), वय अंदाजे ९, पांढरा, खाणाखुणा पाठीवर तपकिरी डाग तीन’. चतुःसीमा : पूर्वेस मोरी, पश्चिमेस गादी, उत्तरेस सरांचं घर, दक्षिणेस गटार. खाली रकाने : वेळ, साखर, युनिट, खाद्य, पाणी, लघवी (नजरअंदाज), चाल, शेरा. शेऱ्याच्या रकान्यात त्यांचा हात मोकळा चालायचा. ‘बोका समक्ष हजर. टोचणीस सहकार्य केले नाही. दोन पंचांसमक्ष टोचले.’ पंच म्हणजे मी आणि पेपरवाला. आमच्या दोघांच्या सह्या आहेत. माझ्या मनगटावर सर्कलचीही आहे.

महिन्यातून एक दिवस बारा तासांची पाहणी असायची : सकाळी सातला साखर, इन्सुलिन, मग दर दोन तासांनी कान टोचून आकडा, संध्याकाळी सातपर्यंत. साखर कधी आणि किती खाली येते ते यातून कळतं आणि डोस ठरतो. त्या दिवशी भाऊसाहेब इस्त्रीचा शर्ट घालायचे. दुपारपर्यंतचे आकडे म्हणजे नजरअंदाज पैसेवारी, तीनचा आकडा आला की सुधारित, सातला अंतिम. तीनशेच्या वर राहिली तर ते ओट्यावर येऊन सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणायचे, “दुष्काळसदृश!”

इन्सुलिन बारा तासांनी द्यायचं. सकाळी सात, संध्याकाळी सात. ज्या माणसाने कुठल्याही गावात कबूल केलेल्या दिवशी पाऊल ठेवलं नव्हतं, तो घड्याळाला बांधला गेला. केजला पुतणीचं लग्न निघालं, मुहूर्त गोरज. गोरज मुहूर्त पत्रिकेत सहाचा असतो, नवरदेव मारुतीच्या देवळातून निघायला साडेसहा होतात, आणि वरातीतला बँजो कुणाचं ऐकत नाही. भाऊसाहेब दुरडी घेऊन मंडपात बसले. सात वाजले तरी मंगलाष्टकं चालूच. त्यांनी धोतराच्या सोग्याखाली सर्कलला दाबून धरलं, मानेची कातडी चिमटीत उचलली आणि ‘शुभमंगल सावधान’ आणि सुई एकाच क्षणी पडल्या. सर्कल ओरडले, पण बँजोत ते कुणाला कळलं नाही. वरून अक्षतांचा पाऊस पडला. बोक्याच्या मिशीवर तांदूळ आणि भाऊसाहेबांच्या हातात सिरिंज, अशा अवस्थेत जुन्या सज्जातला एक म्हातारा पुढे आला आणि म्हणाला, “भाऊसाहेब, बरं झालं घावलाव. माझ्या वाटणीचं काय झालं?”

दिवाळीपर्यंत रजिस्टर अर्धं भरलं आणि साखर होती तिथेच होती. एक युनिटवरून दोन, दोनवरून चार, मग सहा, मग नऊ. डॉक्टर जपून, पायरीपायरीने वाढवत होते; साखर ढिम्म. आणि यात एक विचित्र गोष्ट भाऊसाहेबांच्या लक्षात आली, जी दुसऱ्या कुणाच्या आली नसती, कारण दुसऱ्या कुणाकडे रजिस्टर नव्हतं. साखरेचं जनावर वाळतं. सर्कल वाढत होते. वाण्याच्या तराजूवर पाच किलो दोनशेचे सहा किलो चारशे झाले. गल्लीतल्या बायका म्हणाल्या, “बाळसं धरलंय.” भाऊसाहेबांनी टेप आणला. पंजे मोजले, डोकं मोजलं. निरोपसमारंभाच्या फोटोत सर्कल कोपऱ्यात बसलेले होते. तो फोटो भिंगाखाली धरून त्यांनी जुनी आणि नवी हद्द ताडून पाहिली. तोंड रुंद झालं होतं, खालचा जबडा पुढे आला होता, खालच्या दातांत फटी पडल्या होत्या, आणि रात्री घोरणं असं की पलंगावर कोण घोरतंय हे काकूंना सांगता येईना. नाव ठेवलं तेव्हा तोंड लांबट होतं. आता खरोखरीच गोल झालं.

“सर,” ते मला गंभीरपणे म्हणाले, “अतिक्रमण हाय. आतून.”

डॉक्टरांनाही तीच शंका होती. त्यांनी परभणीच्या पशुवैद्यक महाविद्यालयात दाखवायला सांगितलं. परळीहून सकाळची गाडी, गंगाखेडमार्गे परभणी. दुरडी मांडीवर, रजिस्टर काखेत. मी सोबत गेलो. वैजनाथाचं दर्शन घेऊन परत निघालेल्या कुण्या म्हातारीने गाडीत सर्कलला नमस्कार केला.

तिथल्या डॉक्टरांनी रजिस्टर पहिल्या पानापासून वाचलं. एवढी नोंद आम्ही माणसांच्या दवाखान्यातसुद्धा बघितली नाही, म्हणाले. भाऊसाहेबांनी खाली मान घातली. सेवेत असताना त्यांना असं कुणी म्हटलं नव्हतं. मग डॉक्टरांनी समजावलं. मेंदूच्या तळाशी पियुषिका ग्रंथी असते, माणसात वाटाण्याएवढी, मांजरात त्याहून बारीक. तिच्यावर लहानशी गाठ झाली की वाढीचं संप्रेरक बेसुमार सुटतं. अंग वाढतं, जबडा वाढतो, आणि इन्सुलिनचं काही चालत नाही. हा दुर्मिळ रोग मानायचे. पण ब्रिटनमध्ये बाराशेहून जास्त मधुमेही मांजरांचं रक्त तपासलं, त्याचा निष्कर्ष २०१५ साली आला, तेव्हा साधारण चारातल्या एकाला याचीच शंका घ्यावी असे आकडे निघाले. म्हणजे हा रोग दुर्मिळ नव्हता, त्याची नोंद होत नव्हती.

भाऊसाहेबांनी माझ्याकडे बघितलं. नुसतं बघितलं.

शंका खरी करायची तर रक्त बाहेरच्या प्रयोगशाळेत पाठवायचं, पुढे डोक्याचं स्कॅन. लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजात नाकाखालून, टाळ्यातून शिरून ती ग्रंथीच काढून टाकतात. “लंडनला अपील आपल्याला झेपत नाई,” भाऊसाहेब म्हणाले. तर मग इन्सुलिन चालू ठेवायचं, डोळ्यात तेल घालून, कारण हे संप्रेरक कधी जास्त सुटतं, कधी कमी. कमी सुटलं त्या दिवशी तोच नऊ युनिटचा डोस अंगावर येतो आणि साखर एकदम कोसळते. कागदावर डॉक्टरांनी लिहिलं : ‘संशयित’.

परतीच्या गाडीत भाऊसाहेब त्या शब्दावर खूश होते. “संशयित म्हणजे पेन्सिल नोंद, सर. फेरफार मंजूर होईपर्यंत सातबाऱ्यावर आपण पेन्सिलनंच लिहायचो. शाई नंतर.”

“आणि मंजूर कोण करतं?”

“सर्कल,” ते सवयीने बोलून गेले. मग दोघांनीही दुरडीकडे पाहिलं. सर्कल घोरत होते.

पौषातली गोष्ट. रात्री दोन वाजता त्यांच्या घरातून हाक आली. मी गेलो तेव्हा सर्कल गादीवरून पडून फरशीवर भेलकांडत होते, मान लुळी, डोळे काचेसारखे, पाय थरथरत. भाऊसाहेब चष्मा लावून रजिस्टरची पानं उलटत होते. “परिपत्रक होतं… मी पाठीमागं डकवलेलं… साखर उतरल्यास करावयाची कार्यवाही…” त्यांचे हात इतके कापत होते की पान सुटत नव्हतं.

काकूंनी काहीच शोधलं नाही. त्यांनी देवघरातली मधाची बाटली घेतली, बोट बुडवलं, सर्कलचं तोंड उघडलं आणि हिरडीला मध चोळला. घशात ओतला नाही, चोळला. मग पुन्हा. मग पुन्हा. पाच मिनिटं, सात मिनिटं. भिंतीवरचं घड्याळ तेवढं बोलत होतं. सर्कलने जीभ बाहेर काढली. मान धरली. थोड्या वेळाने ते उठून वाटीपाशी गेले आणि उकडलेलं चिकन खाऊ लागले, जणू मध्यरात्री माणसं उठवणं हा कामाचाच भाग.

“तुला कसं कळलं?” भाऊसाहेबांनी विचारलं. परिपत्रक त्यांच्या हातात आत्ता सापडलं होतं.

“मला तीनदा झालंय,” काकू म्हणाल्या. पदराने बोट पुसलं. “एकदा तुम्ही पीकपाहणीला होताव. एकदा मोर्चाच्या बंदोबस्ताला. एकदा इथंच, ह्याच पलंगावर, झोपेत.”

मी चप्पल घालून निघालो. अशा वेळी पंचाने थांबायचं नसतं.

सकाळी डॉक्टरांना फोन झाला, डोस एकदम खाली आणला गेला. मी पेपर घेण्याच्या निमित्ताने ओट्यावर टेकलो. भाऊसाहेब रजिस्टर उघडून बसले होते, पण लिहीत नव्हते. उजव्या बाजूला, सातबाऱ्यावर असतो तसा ‘इतर हक्क’ असा रकाना त्यांनी सुरुवातीला आखून ठेवला होता. तो आजवर कोरा होता; बोक्यावर कुणाचा बोजा, कुणाचं कर्ज असणार? त्यांनी पेन्सिलीला टोक काढलं. आत हाक मारली, “अगं, मशीन घेऊन ये.”

“सर्कलचं बघितलं की मघाशी.”

“सर्कलचं नाई.”

काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. भाऊसाहेबांनी त्यांचा हात धरून बोट पुढे ओढलं. त्या घरात असं काही मी पहिल्यांदाच पाहत होतो, म्हणून पेपरात तोंड घातलं. टोचताना त्यांनी डोळे मिटले, काकूंनी नाही. दोनशे एकतीस. भाऊसाहेबांनी ‘इतर हक्क’मध्ये सावकाश लिहिलं : सौ., उपाशीपोटी, २३१.

काकूंनी वाकून वाचलं. “बोक्याच्या सातबाऱ्यावर मी इतर हक्कात?”

“सुरुवात तर झाली,” भाऊसाहेब पुटपुटले.

“आन् तेही पेन्सिलनं?”

“सर्कलनी मंजूर केल्याशिवाय शाई लावता येत नाई. नियम हाय.”

सर्कल तेवढ्यात अंग ताणत आले, रजिस्टरावरून आडवे चालत गेले आणि बरोबर त्या रकान्यावर आपला वाढलेला, रुंद, नुकताच पाण्याच्या वाटीत बुडवलेला पंजा ठेवून बसले. काकूंनी त्यांना दोन्ही हातांनी उचलून बाजूला केलं. भाऊसाहेबांच्या खिशातला पेन काढून घेतला, टोपण दातांनी ओढलं, आणि ओल्या कागदावर, पेन्सिलीच्या अक्षरांवरून, आपलं नाव शाईने गिरवून टाकलं.